पदरात टाकलेला शब्द

एकदा एक तरुणी एका वृद्ध दुभाषी बाईकडे शिकायला राहिली. त्या बाईंना सारं नगर आक्का म्हणत असे. नगर सीमेवरचं. तिथल्या न्यायालयात न्यायाधीश नेहमी परमुलखातून येत. त्यांना मराठी येत नसे आणि साक्ष द्यायला येणाऱ्या गोरगरिबांना इंग्रजी येत नसे. दोघांच्या मध्ये आक्का उभ्या राहत. कोणाचं घर राहील आणि कोणाचं मोडेल, हे पुष्कळदा त्यांच्या जिभेवर ठरत असे.

शिष्या हुशार होती. एका मराठी शब्दाला इंग्रजीतले सात-आठ शब्द धडाधड सांगायची आणि त्यांतला सगळ्यांत जड तोच उचलायची. आपल्याकडे हा रोग जुना आहे. इंग्रजी जितकं जड तितकं चांगलं, असं चांगले शिकलेसवरलेले लोकही मानतात. तो शुद्ध वेडेपणा आहे, पण सांगायचं कोणाला!

"आक्का, या सगळ्यांचा अर्थ एकच की," शिष्या म्हणाली.

"एकच? मग माझ्याकडं नीट बघ आणि सांग. मी थिन, स्लिम की स्किनी?"

"स्लिम, आक्का."

"खोटारडी! या वयात कसली स्लिम? पण स्किनी म्हणाली असतीस ना, तर आज तुझं पान मांडलं नसतं. अर्थ एकच होता, मग जीभ का अडखळली तुझी?"

शिष्या हसली.

"हसू नकोस. पेटीत शालू आहे म्हणून तो नेसून मयताला जाशील का? कपडा तो कपडाच की!"

शिष्येनं मान डोलावली. पण तिच्या मनात आलं, म्हातारपणी माणसं उगीच बाऊ करतात.

पुढे तिच्या पहिल्या साक्षीचा दिवस उजाडला. खटला एका लेकराचा होता. गिरजा नावाच्या विधवेला क्षय झाला, तेव्हा तिनं आपला तान्हा मल्हारी थोरल्या जावेकडे ठेवला आणि ती डोंगरावरच्या इस्पितळात गेली. बरी होऊन परतायला दोन पावसाळे उलटले. आता जाऊ, सोनाबाई, मूल परत द्यायला तयार नव्हती. तिची कूस उजवली नव्हती. मल्हारी तिलाच आई म्हणू लागला होता. तिनं वकील दिला आणि दावा लावला की आईनं पोर टाकून दिलं, म्हणून ते आता माझं. गिरजेला वकील नव्हता. स्वतःच्या तोंडच्या शब्दांखेरीज तिच्याजवळ काहीच नव्हतं.

न्यायाधीशांनी आरंभीच बजावलं, "आज शपथ या मुलीनं घेतली आहे. बोलेल तीच. दुसऱ्या कोणी मध्ये शब्द घातला, तर ही साक्ष मी धरणार नाही."

आक्का निमूटपणे शिष्येच्या शेजारच्या बाकावर बसल्या.

वकिलानं गिरजेला विचारलं, "मूल घरात ठेवून तू निघून गेलीस, खरं की नाही?"

"व्हय," गिरजा म्हणाली. तिचा श्वास अजून लागत होता. "जाऊबाईच्या पदरात टाकलं आन् गेले."

शिष्येच्या कानानं 'टाकलं' तेवढं पकडलं. जिभेवर जड, घोटीव शब्द तयारच होता. तिनं न्यायाधीशांकडे वळून स्पष्ट आवाजात सांगितलं, "अबॅन्डन्ड." म्हणजे वाऱ्यावर सोडून दिलं.

मागच्या बाकांवर कुजबूज झाली. न्यायाधीशांनी चमकून गिरजेकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा कठोर झाला. त्यांनी लेखणी उचलली. वकील मराठीच होता. पदर म्हणजे काय, हे त्याला त्याच्या आईनंच शिकवलं असणार. पण तो खाली बघून कोटाचं बटण चाचपत राहिला.

शिष्येला इतकंच कळलं की काहीतरी बिनसलं आहे. तिनं आक्कांकडे पाहिलं. आक्कांचे ओठ घट्ट मिटलेले होते. त्यांनी हळूच डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि शिष्येच्या अंगावर टाकला.

शिष्या दचकली. फरशीवर पडता तर चक्काचूर झाला असता. तिनं दोन्ही हातांनी पदर पुढं केला आणि चष्मा त्यात झेलला. आक्का उठल्या आणि भिंत चाचपत दाराकडे चालू लागल्या.

"हा काय प्रकार?" वकील ओरडला.

"डोळे शिणले, साहेब. वाऱ्याला बसते," आक्का म्हणाल्या आणि उंबऱ्याला ठेचकाळून बाहेर गेल्या.

चष्म्यावाचून आक्कांना स्वतःची बोटंही दिसत नसत, हे शिष्येला ठाऊक होतं. आक्का कोणाला चष्म्याला हातसुद्धा लावू देत नसत. मग आज असा टाकला कसा? फेकला? का? ती पदरातल्या चष्म्याकडे पाहत राहिली. पदराची झोळी तिनं अजून दोन्ही मुठींत घट्ट धरली होती.

आणि मग तिला गिरजेचं वाक्य पुन्हा, पुरतं ऐकू आलं: पदरात टाकलं.

न्यायाधीश लिहू लागले होते. लेखणी थांबवायची, तर भर न्यायालयात स्वतःची चूक सांगावी लागणार, तीही पहिल्याच दिवशी. उद्या तिला कोण उभं करील? तिनं साक्षीच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. गिरजेला इंग्रजीचा एक शब्द कळला नव्हता. आपलं म्हणणं नीट पोचलं अशा विश्वासानं ती शिष्येकडे पाहून किंचित हसली.

"थांबा, साहेब!" शिष्या म्हणाली. "मी चुकीचा शब्द दिला."

वकील ताडकन उठला. "शब्द एकदा गेला तो गेला. आता बदलणं म्हणजे साक्ष बदलणं!"

"साक्ष तीच आहे. बिघडवली मी," शिष्या म्हणाली.

न्यायाधीश त्रासून म्हणाले, "मूल दुसरीकडे गेलं, हे तर खरं ना? शब्द कोणताही घाला, अर्थ एकच."

आपलंच वाक्य शिष्येला समोरून ऐकू आलं. तिचे कान तापले. कोणता शब्द? 'लेफ्ट' म्हणावं? त्यात पाय निघून गेल्याचं कळतं. मन कुठं होतं ते कळत नाही. 'गेव्ह अवे'? त्यात तर पोर कायमचंच गेलं. हातांतल्या झोळीचं ओझं तिला जाणवलं.

"एन्ट्रस्टेड," ती म्हणाली. "साहेब, आमच्यात केरही टाकतात आणि लेकरू शाळेतही टाकतात. कशात टाकलं, ते ऐकावं लागतं. या बाईनं पदरात टाकलं, म्हणजे विश्वासानं सोपवलं. मी टाकलं तेवढं ऐकलं आणि पदर सांडला." तिनं हातांतली झोळी वर केली. "हा पदर. आमच्या गुरूंनी आपले डोळे आत्ता यात टाकले आहेत. त्या परत घ्यायला येणार नाहीत, असं कोणी म्हणेल का?"

न्यायाधीशांनी दाराकडे पाहिलं. बाहेर ओसरीवर आक्का भिंतीला हात लावून उभ्या होत्या, कोणीतरी न्यायला येईल म्हणून.

मग न्यायाधीश सोनाबाईकडे वळले. "हिनं मूल दिलं, त्या घडीला तुम्ही काय केलंत? शपथेवर सांगा."

शिष्येनं प्रश्न मराठीत विचारला, एक अक्षर न सांडता.

सोनाबाईनं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं मान हलवली, बोलू नको म्हणून. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि तो पदरच जणू तिच्या हाताला चटका देऊन गेला. तो तिनं खाली सोडला.

"पसरला, साहेब," ती म्हणाली. "माझा पदर मीच पसरला. बरी होऊन ये, म्हनले. तवर सांभाळते, म्हनले."

शिष्येनं ते इंग्रजीत सांगितलं. न्यायाधीशांनी अर्धा लिहिलेला कागद फाडला आणि मल्हारीला त्याच्या आईच्या हाती दिलं.

शिष्या धावत ओसरीवर गेली. तिनं आक्कांच्या हातात चष्मा दिला. "एवढा धोका कशाला पत्करलात, आक्का? फुटला असता म्हणजे?"

"बोलायची बंदी होती ना! मग करू काय?" आक्का चष्मा पुसत म्हणाल्या. "ऐक. पर्यायी शब्द सख्ख्या बहिणींसारखे असतात, पोरी. चेहरामोहरा एक, पण स्वभाव निराळा. तू चेहरा बघून हाक मारतेस. माणसानं काय केलं, ते एक शब्द सांगतो. कोणत्या मनानं केलं, ते दुसरा सांगतो. दुभाष्यानं त्या मनापर्यंत जायचं असतं. तिथवर जायचा आळस केलास, तर जड शब्द घाई करून पुढं येतो. आणि जड वस्तू वरून पडली की खालचं माणूस मरतं."



तेवढ्यात गिरजा मल्हारीला कडेवर घेऊन बाहेर आली. पोर मागं बघून रडत होतं. पायरीवर सोनाबाई रिकामे हात मांडीत घेऊन बसली होती. गिरजा पुढं गेली, थबकली, मागं फिरली.

"रडू नगा, जाऊबाई," ती म्हणाली. "दिवाळीला तुमच्याच पदरात आनून टाकीन की त्याला. तुमी सांबाळला म्हनून हाय त्यो."

न्यायाधीश दारात आले होते. त्यांनी शिष्येला विचारलं, "काय म्हणाली ती?"

शिष्येच्या जिभेवर एकदम चार शब्द आले. तिनं त्यांना आत थांबवलं आणि आधी गिरजेच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं.