फासाने वाजणारी घंटा

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या पाइनबेंड गावच्या न्यायालयात पाऊल टाकलं की नजर आधी वर जाते. तुळईला एक काळपट घंटा टांगली आहे आणि तिच्या दोराच्या टोकाला फास आहे, माणसाला लटकवायचा असतो तसा. पाहुणे दचकतात. मग इमारतीची देखभाल करणाऱ्या डेलिया आजी बाकावर बसतात आणि सांगू लागतात.

ही घंटा म्हणे पूर्वी कापसाच्या मळ्यावर होती. तिच्या ठोक्याला गुलाम उठत. उशीर झाला की पाठीवर चाबूक. ती वाजवायचं काम एझ्रा पेटवे या गुलामाकडे होतं. गुलामगिरी संपल्यावर एझ्रा कायदा शिकला, राज्याच्या विधिमंडळात निवडून गेला. त्या सभागृहात बसलेला तो पहिला काळा माणूस. तिथे भांडून भांडून त्याने एक कायदा करून घेतला: घंटा वाजवून गावाला बोलवायचं, मगच निकाल द्यायचा. दाराआड दिलेला निकाल रद्द. पुढे तो इथला न्यायाधीश झाला, तेव्हा त्याने मळ्यावरची तीच घंटा आणवली.

त्याची बायको हॅना भडकली. "ती मेली वाजली की अजून माझी पाठ ठणकते!"

"एवढी वर्षं त्यांची चाकरी केली तिने," एझ्रा म्हणाला. "आता जरा आपली करू दे."

मग मळेवाल्या कर्नल ब्रूक्सने मत द्यायला निघालेल्या सायलस नावाच्या मजुराला भर रस्त्यात गोळी घातली. खटला एझ्रापुढे आला. निकालाच्या सकाळी कर्नल आपली माणसं घेऊन कोर्टात घुसला. गाव जमू नये म्हणून त्यांनी आधी घंटेचा दोर कापून जाळला. शिपायाला उंबऱ्यातच भोसकलं. बंदुकीच्या दस्त्याने एझ्राचे दात पाडले आणि त्याच्या गळ्यात फास अडकवला.

"बोल, कर्नल निर्दोष!"

एझ्राच्या मानेला काथ्या टोचत होता. एक शब्द, की तो घरी जाणार होता. त्याने पहिल्या बाकाकडे पाहिलं. तिथे रोज सायलसची आई बसे. आज बाक रिकामा होता. तिला अजून कुणी बोलावलंच नव्हतं.

"म्हणतो," तो रक्त थुंकत म्हणाला. "पण घंटेवाचून दिलेला निकाल वरच्या कोर्टात टिकत नाही. उद्या दुसरा जज्ज कर्नलसाहेबांना पुन्हा पिंजऱ्यात उभं करेल."

"मग वाजव की, काळ्या!"

"दोर तुम्हीच जाळलात, साहेब."

सुटकेची घाई माणसाला आंधळं करते. त्यांनी एझ्राच्या गळ्यातला फास काढला आणि तोच दोर घंटेला बांधला. एझ्राने मूठ फासात घातली आणि ओढलं, आग लागल्यावर ओढतात तसं.

शेतातून माणसं धावली. कोयते, कुदळी, हाताला लागेल ते घेऊन. उंबऱ्यावर जुंपली. फरशी रक्ताने निसरडी झाली. कर्नलने एझ्राच्या पोटात गोळी झाडली. तो कोसळला नाही, मूठ फासात अडकली होती. अखेर कर्नलला लोकांनी खाली दाबून धरलं. प्रेतं ओलांडत सायलसची आई आत आली, बाकावर बसली. तेव्हाच एझ्रा बोलला.

"दोषी."

आणि त्याने मान टाकली.

कर्नलच्या वकिलांनी वर धाव घेतली, पण घंटा वाजली होती, गाव हजर होतं. निकाल टिकला, असं सांगतात.

आजही इथला नवा न्यायाधीश फासात मूठ घालून घंटा ओढतो, मगच शपथ घेतो. आजही पहिला बाक रिकामा असेल तर निकाल वाचला जात नाही. एवढा जुना दोर टिकला कसा, असं पाहुणे विचारतात.

"टिकतोय कुठला!" डेलिया आजी म्हणतात. "झिजला की नवा आणतो. फास मात्र आमच्या हाताने वळतो."