शाईची सरळ रेघ

नळ आणि शाया बोलत असत, तेव्हाची गोष्ट. एका प्रयोगशाळेत काचेच्या लांब नळीतून पाणी वाहायचं आणि निळी शाई त्यात सुरेख सरळ रेघ काढायची.

“तोटीताई, हळू हं! पाणी वाढलं तर माझी रेघ मोडेल,” शाई नळीच्या टोकाच्या तोटीला विनवायची. भोळी तोटी अडून बसायची.

चौथ्या दिवशी प्रयोग करणाऱ्या पेंढारकरबाई वैतागल्या. “ही तोटी फिरतच नाही. उद्या नवी बसवू.”

“घे! तुझ्या रेघेपायी मी भंगारात,” तोटी म्हणाली.

शाई ओशाळली. “उघड, ताई. मोडू दे.”

तोटी फिरली. रेघ थरथरली, वेडीवाकडी झाली आणि भोवऱ्यांत विखुरली. शाईने डोळे मिटून घेतले.

“मोडली! इथेच मोडली!” बाईंनी टाळी वाजवली. “पाण्याच्या किती वेगाला रेघ मोडते, चार दिवस हेच तर बघायचं होतं!”

शाईने एक डोळा उघडला. “ताई, पुन्हा एकदा?”