पात्याला धरलेली सुरी

मंगल कार्यालयातल्या सुऱ्यांना धार लावायचं काम वीस वर्षं रोशनबी शिकलगारणीचं. या वेळी ती धारेचं चाक घेऊन आली, तर नवे मॅनेजर तावडे दारातच आडवे आले.

"परत जा, मावशी. कारखान्यातून कोऱ्या सुऱ्या मागवल्यात. धार तिथूनच लागून येते. तुझं काम संपलं."

बोलता बोलता त्यांनी एक कोरी सुरी उचलली आणि पातं मुठीत गच्च आवळून तिचा दांडा रोशनबीच्या नाकासमोर नाचवला.

रोशनबी भांडली नाही. कांदा चिरणाऱ्या आचाऱ्याकडून तिनं जुनी सुरी मागून घेतली. गेल्या महिन्यात तिनंच तिला धार लावली होती. ती तावड्यांपुढे धरून म्हणाली, "साहेब, आता ही तशीच पात्याला आवळून धरा आणि हेच पुन्हा बोला. मी आल्या पावली जाते."

तावड्यांचा हात अर्ध्यावर येऊन थांबला. त्यांनी नव्या सुरीकडं पाहिलं, मग आपल्या तळहाताकडं. साधा ओरखडासुद्धा नव्हता.

आचारी मान खाली घालून म्हणाला, "जुनी ही एकच उरलीय, ती कांद्याला. नव्यांनी टोमॅटो चिरत नाहीत, सकाळपासून हातानंच फोडतोय, साहेब."

"चाक कुठं मांडू?" रोशनबीनं विचारलं.

"नळाजवळ मांड," तावडे म्हणाले. "तिथं सावली आहे."