तांबडं फुटलं

फार जुनी गोष्ट आहे, गावाला तट आणि वेशीला दरवाजे असत तेव्हाची. एका नगरीच्या राजाला उशिरापर्यंत झोपायची सवय होती. आपल्याआधी प्रजा उठते, याचा त्याला भारी राग. म्हणून त्याने दवंडी पिटवली, "वाड्यावरचा नगारा वाजेपर्यंत रात्रच समजावी. तोवर कुणी दार उघडू नये, चूल पेटवू नये, उजाडलं असं तोंडातून काढू नये."

लोकांनी मुकाट्याने ऐकलं. उन्हं अंगणात येत, गाई गोठ्यात हंबरत, आणि माणसं दारं लावून नगाऱ्याची वाट बघत बसत.

तटाला लागूनच ठकूमावशीचं घर होतं. ती सुईण. अर्ध्या नगरीची नाळ तिनेच कापलेली. एके पहाटे तटापलीकडून एका धनगराची हाक आली, "मावशी, बायको अडलीय माझी! लवकर ये!"

मावशी तशीच वेशीकडे धावली. पहारेकऱ्याने भाला आडवा धरला.

"मावशी, अजून रात्र आहे."

"रात्र? अरे, पूर्वेला बघ की. तांबडं फुटलंय!"

त्याने बघितलं. आभाळाची कड लाल झाली होती. हळूच म्हणाला, "दिसतंय गं. पण म्हणायची बंदी आहे."

"मग तू नको म्हणूस. मी म्हणते."

तिने भाला बाजूला सारला आणि दरवाजाचा अडसर ओढला. पहारेकऱ्याचा हात काही उठला नाही.

बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. मावशी परतली, तेव्हा शिपाई तिची वाट बघत होते. त्यांनी तिला राजापुढे उभं केलं. राजा कडाडला, "उद्या पहाटे तटावर उभी राहा आणि सगळ्यांदेखत सांग, की रात्र आहे. नाही सांगितलंस, तर कडेलोट!"

दुसऱ्या दिवशी सगळ्या नगरीला तटाखाली उभं केलं होतं. राजालाही त्यासाठी पहाटेच उठावं लागलं. तटाच्या बाहेरच्या अंगाला खोल दरी होती. पण समोर पूर्व लाल होत होती.

"महाराज," ती म्हणाली, "जन्मभर बाळंतपणं केली मी. आईला पान्हा फुटतो, बियाला कोंब फुटतो, तो कुणाला विचारून नाही. हेही तसंच. तांबडं फुटलं!"

मग पहारेकऱ्याने भाला खाली टाकला आणि ओरडला, "तांबडं फुटलं!" पाठोपाठ कुंभार, तेली, लेकुरवाळ्या, म्हातारे, सगळेच ओरडू लागले. शिपाई एकमेकांकडे बघत राहिले. एवढ्यांचा कडेलोट कोण करणार? राजा मान खाली घालून वाड्यात गेला.

त्यानंतरही नगारा वाजत असे, पण तोवर विहिरीवरून पाणी घरी आलेलं असे. आणि त्या नगरीतली माणसं पहाटे दार उघडताना एकमेकांना मोठ्याने सांगू लागली, "उठा, तांबडं फुटलं!"

तात्पर्य: डोळ्यांना दिसलेलं खरं बोलायला कुणाची परवानगी लागत नाही.