हिरमुसली, झुरली, विटली

एका राज्यात हेमकेतू नावाचा राजा होता. राजा न्यायी, हात सढळ, पण वेळेचा भारी कंजूष. कुणाचं गाऱ्हाणं लांबलं की त्याची बोटं सिंहासनावर ताल धरायची. म्हणून त्यानं दरबाराला एक रीत घालून दिली. माणसानं आपलं मन चोपदाराच्या कानात सांगायचं आणि चोपदारानं राजाला एकच शब्द सांगायचा, 'संतुष्ट' किंवा 'असंतुष्ट'. संतुष्टाला विडा, असंतुष्टाला देणगी. चिडलेला, भ्यालेला, ओशाळलेला, कळवळलेला, सगळे एकाच माळेत. दरबार झटपट उरकू लागला. राजा खूश! अहो, खूश कसला, प्रजेचं मन त्याला कळेनासंच झालं होतं.

राजाची एकुलती एक लेक चंद्रावळी. आई लहानपणीच गेलेली. पण रीत म्हणजे रीत, लेकीलाही सुटका नाही. एकदा ती दरबारात आली, चोपदाराच्या कानात काही बोलली.

"राजकन्या असंतुष्ट!" चोपदार गरजला.

राजानं मोत्यांची पेटी धाडली. पुढं ती पुन्हा आली. पुन्हा तीच आरोळी, पुन्हा मोती. तिसऱ्यांदा आली तेव्हा राजानं मान वर करूनही पाहिलं नाही, मोत्यांचं कोठारच तिच्या नावे केलं. कपाळ माझं! पोर समोर उभी, आणि हा बाप कोठाराच्या किल्ल्या शोधतोय.

त्या दिवसापासून राजकन्या बोलेनाशी झाली आणि मोती तिच्या अंगाला चिकटू लागले. आधी पायांना, मग कमरेला, मग खांद्यांना. सोनाराचा चिमटा चालेना, वैद्याचा लेप चालेना. पलंगावर बसल्या जागी पोर मोत्यांनी मढत चालली. उरला फक्त चेहरा.

तेव्हा डोंगरावरची जोगीण आली. तिला भूत-भविष्य दिसत असे.

"राजा, मन न ऐकता दिलेलं धन शापित होतं," ती म्हणाली. "लेकीनं तीनदा तीन वेगळी दुःखं सांगितली. तू एकच शब्द ऐकलास. ती तिन्ही जाणून घे आणि स्वतःच्या तोंडानं तिला सांग. अमावास्येला तिचा चेहरा झाकला जाईल. मग श्वास नाही."

राजानं चोपदाराला बोलावलं. "लेक काय म्हणाली होती?"

चोपदारानं हात जोडले. "महाराज, सांगायचा शब्द तेवढा मी ध्यानात ठेवतो. ऐकलेलं टाकून देतो. आपलीच आज्ञा."

राजा जोगिणीकडं वळला.

"उत्तरेला जा," जोगीण म्हणाली. "लेकीवर जे गुदरलं तेच ज्यांच्यावर गुदरलं असे तिघे वाटेत भेटतील."

राजा एकटाच निघाला. पहिला भेटला नाग. समोर तेजस्वी मणी, पण नागाची मान खाली.

"दुःखी आहेस का?" राजानं विचारलं.

"धन्याला दाखवायला हा मणी पाताळातून आणला. तो म्हणाला, ठेव तिकडं. पाहिलंही नाही. मी हिरमुसलो."

राजा हसला. "एवढंच ना?"

नागानं फणा उभारला. "मग हा मणी घे आणि गावात कुणालाही दाखवून ये."

राजा दारोदार हिंडला. बायका दळत होत्या, पुरुष गप्पा झोडत होते. कुणी मान वळवली नाही. राजा परतला तो मणी मुठीत लपवून. आता तो दाखवायची त्याचीच त्याला लाज वाटत होती.

दुसरी भेटली साळुंकी. शेजारी दाणे पडलेले, ती खाईना.

"माझा जोडीदार येतो म्हणून गेला," ती म्हणाली. "मी झुरते आहे."

"म्हणजे रडतेस?"

"रडणारी रडून मोकळी होते. झुरणारी येणाऱ्यासाठी दाणा राखून ठेवते. बस माझ्यासोबत, वाट बघ."

राजा बसला. पान हललं की दोघांच्या माना वळत. अन्न गोड लागेना, राजाचा अंगरखा सैल झाला.

"माझी लेकही दाराकडं अशीच पाहत असेल," तो पुटपुटला.

"असेल," साळुंकी म्हणाली. "विचारलं असतंस तर कळलं असतं."

तिसरा भेटला नदीकाठचा वड, वाळत चाललेला. राजानं ओंजळीनं पाणी घातलं. वड म्हणाला, "नको." पुन्हा घातलं. "नको." तिसऱ्यांदाही "नको."

"राजा, झुरणाऱ्याला आस असते," वड म्हणाला. "माझी सरली. मला पाणी नको, ऊन नको. मी विटलो आहे."

राजाला आता उमगलं. तिसऱ्यांदा पोर काही मागायला आलीच नव्हती, ती निरोप घ्यायला आली होती. वडाच्या खोडाला मिठी मारून राजा ओक्साबोक्शी रडला.

अमावास्येच्या दिवशी तो महालात पोचला, तेव्हा लेकीचे नुसते डोळे उघडे होते. सवयीनं चोपदार पुढं सरसावला. राजानं त्याला हातानं मागं सारलं आणि तो जमिनीवर बसला.

"बाळे, आधी तू हिरमुसलीस."

चेहऱ्यावरचे मोती गळाले.

"मग तू झुरलीस."

खांदे मोकळे झाले, हात मोकळे झाले.

"मग विटलीस. आणि मी मोती धाडत राहिलो."

उरलेसुरले मोती खाली पडले आणि त्यांची वाळू झाली. चंद्रावळीनं खोल श्वास घेतला.

"आबा, आज तुमच्या मनात काय आहे?"

"पस्तावतोय, पोरी. दुसरं काही नाही."

चंद्रावळीनं अंगावरची वाळू झटकली. "मला तुम्हाला बिलगावंसं वाटत नाही. खोटं कशाला बोलू? मन बदललं तर येऊन सांगेन. थांबाल?"

"थांबेन."

दरबाराची रीत मोडली. ज्यानं त्यानं आपल्या तोंडानं आपलं मन सांगावं असं ठरलं. कुणी धुसफुसत येई, कुणी गहिवरून, कुणी बावरून. राजा प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐके. राज्य सावरलं. दरबार संपला की राजा लेकीच्या दाराबाहेर येऊन बसे. ती अदबीनं पाट मांडी, ताट वाढी, विचारपूस करी. त्यापलीकडं काही नाही. आणि राजा मागतही नसे.

वर्षं लोटली. राजा पिकला, कानांनी अधू झाला. एका सकाळी चंद्रावळी बाहेर आली आणि त्याच्या पायांशी बसली.

"आबा, मी निवळले."

राजानं कानामागं हात धरला. "काय म्हणालीस, बाळे? ऐकू येत नाही गं."

चंद्रावळीला हुंदका आला. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकले, कानाशी तोंड नेलं, आणि त्याला ऐकू जाईपर्यंत सांगत राहिली.