काळ्या रानापेक्षा बरं

एक होतं रान. रानात एक राजा होता, पुष्कळ प्रजा होती, आणि दोघांच्या मधे एक पाणवठा होता.

राजा अस्वल होता. तो प्रत्येक निवडणुकीत प्रचंड बहुमतानं निवडून यायचा. त्याच्यासमोर कुणी उभं राहत नसे, कारण एकदा जो उभा राहिला, तो नंतर कुणाला बसलेलासुद्धा दिसला नाही.

पाणवठ्याच्या काठी, उघड्या जमिनीवर, टिटवीमावशी अंडी घालायची. टिटवीचं घरटं ते काय! चार खडे आणि जगावरचा विश्वास. उन्हात अंडी भाजून निघू नयेत म्हणून ती पाण्यात पोट भिजवायची आणि ओल्या पिसांनी अंड्यांवर येऊन बसायची. पिसं वाळली की पुन्हा पाणी. उन्हाळाभर तिला दुसरा उद्योग नसे.

एका चैत्रात तिनं बघितलं, तर राजाचे शिपाई, म्हणजे तरस, पाणवठ्याभोवती खुंट ठोकतायत.

"कशाला रे हे?"

"शोभेला," तरस म्हणाला. तरसाचं तोंडच असं की तो हसतोय की दात दाखवतोय, कळत नाही.

आता कुंपण पडणार, हे मावशीला समजलं. पण तसं म्हणावं तर ती अफवा, आणि अफवेला शिक्षा होती. गोष्टीला मात्र शिक्षा नव्हती; तेवढं कलम कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. म्हणून संध्याकाळी सगळे पाण्यावर जमले तेव्हा तिनं गोष्ट रचली.

"सात डोंगरांपल्याड एक काळं रान आहे. तिथं पाण्याला कुंपण आहे. दिवसाला एक घोट मिळतो. घोट घेताना राजाचा जयजयकार करावा लागतो, त्यामुळे अर्धं पाणी तोंडातनं सांडतं."

"अगं बाई! मग?" भेकरवहिनी म्हणाली. भेकर म्हणजे पान हललं तरी दचकणारं हरीण.

"मग काय, सांडलेल्या पाण्याबद्दल दंड."

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. साळिंदरअण्णांच्या अंगावर तो मुळातच होता, तो ताठ झाला. ते सरकत सरकत जवळ आले. "मावशी, हे काळं रान म्हणजे..."

"माझ्या तोंडून कशाला वदवून घेता अण्णा? तुमचं तुम्ही समजा की."

रोज गोष्ट वाढत गेली. रोज श्रोते वाढत गेले. आणि एके दिवशी प्रसिद्धीमंत्री धनेशराव आपली भली मोठी चोच सावरत खाली उतरले. सगळ्यांना वाटलं, संपलं. भेकरवहिनीनं तर डोळेच मिटून घेतले.

"मावशी," मंत्री म्हणाले, "गोष्ट महाराजांनी ऐकली. रडले हो! म्हणाले, काय हे काळं रान! असाही राजा असतो?"

टिटवीला 'रानरत्न' किताब मिळाला. पाणवठ्याला कुंपण पडलं. किताब आणि कुंपण, दोन्हींचं उद्घाटन एकाच मंडपात झालं. काटकसर.

राजानं भाषण केलं. "बंधूंनो आणि भगिनींनो! काळ्या रानात किती घोट मिळतात?"

"एक!"

"आपण किती देणार?"

कुणाला ठाऊक नव्हतं. राजानं दोन पंजे वर केले. "दोन! दुप्पट!"

टाळ्या थांबेनात. फाटकावर पास तपासायला तरस बसला, आणि वर पाटी लागली: 'काळ्या रानापेक्षा बरं, आपलं सरकार खरं!'

"काही म्हण मावशी," भेकरवहिनी रांगेत उभी राहून म्हणाली, "आपलं नशीब चांगलं. त्या बिचाऱ्यांचं बघ की."

मावशीची चार अंडी कुंपणाच्या आत आली होती. किताबाबरोबर तिला खास परवानगी मिळाली होती: रानरत्नास पोट भिजवण्याची मुभा. ती भिजवत होती. पण त्या रांगेकडे तिला बघवेना.

वैशाखात धनेशराव परत आले. "मावशी, नवा भाग काढा की आता. तुमच्या काळ्या रानात अर्धा घोट करा."

"का हो?"

"आम्हाला एकावर यायचंय. थोडी जागा करून द्या."

तेव्हा तिला कळलं. आपण ते रान जेवढं काळं रंगवू, तेवढं हे उजळ दिसणार. आपण गोष्ट सांगत नव्हतो, यांची खोटी मापं घडवून देत होतो.

"नाही जमलं तर?"

"तर परवानगी," मंत्री चोच पुसत म्हणाले, "म्हणजे ऊन काय पडलंय हो यंदा!"

राज्याच्या वर्धापनदिनी सभा भरली. राजा पुढं बसला होता, रडायच्या तयारीत. टिटवीनं आधी अंड्यांकडं बघितलं, मग सुरुवात केली.

"एक होती ससीण. तिला तहान लागली. ती पाणवठ्यावर गेली, पाणी प्यायली, आणि घरी आली."

सभा वाट बघत राहिली.

"मग?" कुणीतरी विचारलं.

"मग निजली."

"पास दाखवला का?" अण्णांनी विचारलं.

"पास नव्हता."

"मग घोट कोण मोजत होतं?"

"कुणीच नाही. तिनं स्वतःसुद्धा नाही."

भेकरवहिनीचे कान उभे राहिले. "हे रान कुठलं गं? फार लांबचं?"

"नाही गं बाई. हेच. तू लग्न होऊन आलीस ना, तेव्हाचं."

वहिनीनं आ वासला. "अगं हो! मी आल्या आल्या घटाघटा पाणी प्यायले होते. सासूबाई म्हणाल्या होत्या, पी पोरी, पाण्याला काय तोटा!"

"मी तर डुंबायचो," अण्णा हळूच म्हणाले, आणि स्वतःच चपापले.

सभेत कुजबुज सुरू झाली. राजाला गोष्ट कळेना. "पण यात राजा कुठंय?"

"आहे की महाराज," टिटवी म्हणाली. "पण या गोष्टीत तो लागत नाही."

दुसऱ्या सकाळी ससिणीच्या गोष्टीवर बंदी आली: अतिरंजित, भडकाऊ, लहानांना अयोग्य. काळ्या रानाची गोष्ट शाळेत सक्तीची झाली. रानरत्नाची पोट भिजवण्याची मुभा रद्द झाली.

टिटवी अंड्यांवर कोरड्या पोटानं बसून राहिली. पंख पसरून सावली केली, पण सावलीसुद्धा तापली होती. पाणी चार उड्यांवर होतं, आणि मधे तरस उभा होता. आता कुठली गोष्ट सांगणार?

दुपारी भेकरवहिनी रांगेतून पाण्यापाशी गेली. एक घोट प्यायली. दुसरा घेतला, पण गिळला नाही. गाल फुगवून ती टिटवीपर्यंत आली आणि तो घोट तिच्या पोटाखाली सोडला. टिटवीनं तिच्याकडं बघितलं. वहिनी म्हणाली, "असं बघू नकोस, मला रडू येईल आणि पाय पळतील," आणि खरंच पळाली.

तिच्यामागून अण्णा आले, त्यांचेही गाल फुगलेले. मग ससे आले. मग सगळी रांगच तशी येऊ लागली, रोज. कायद्यात घोट मोजायचं कलम होतं, गिळायचं नव्हतं. तरस गोंधळले.

धनेशराव स्वतः पाहणीला आले. "काय, कुणाला काही तक्रार?"

कुणी बोललं नाही. तोंडात पाणी होतं.

"योजनेबद्दल काही म्हणणं?"

सगळे गप्प.

मंत्र्यांनी राजाला अहवाल दिला: जनता अत्यंत समाधानी आहे.

ज्येष्ठ लागता लागता अंडी फुटली. चारही पिल्लं धडधाकट निघाली आणि निघाल्या निघाल्या पळत सुटली. बातमी दरबारात पोचली, तशी दवंडी पिटली गेली: 'अस्वलराजा अंडी शीतलीकरण योजना' शंभर टक्के यशस्वी. टरफलं गोळा करून त्यांवर राजाचा पंजा उमटवण्यात आला.

पिल्लांना अजून नीट उडता येत नाही. पण सरकारदरबारी ती लाभार्थी आहेत, आणि येत्या निवडणुकीत त्यांचं मत पडलेलं आहे.