एका पानाचं घर

माणसाने रानात पाय ठेवण्याआधीची गोष्ट. तळ्याच्या बांधावर दरवर्षी सगळ्यांनी माती टाकायची आणि प्रत्येक घराने किमान एक पाटी द्यायची, असा रिवाज होता. सात तोंडांच्या बिळात राहणारा मुकादम साळिंदर एका सकाळीतच मोकळा व्हायचा. एक पान शिवून त्यात राहणारी शिंपीण पक्षीण मात्र महिनाभर चोचीने माती वाहायची.

यंदा तिने विचारलं, "साळिंदरदादा, तळ्याचं पाणी मीही पिते, माती मीही देईन. पण तुमच्याइतकीच का?"

"नियम सगळ्यांना सारखा," साळिंदर म्हणाला. "घर आहे ना? मग पाटी भर."

शिंपीण संतापली. तिने घरट्याचे टाके उसवले आणि अख्खं घर पाटीत आणून टाकलं. पाटीचा तळही झाकला गेला नाही.

"दादा, माझं घर संपलं," ती म्हणाली. "तुमची पाटी भरली का?"